एजंट नेमका कोणाचा? स्वायत्त एआयवर लोक का चिडतात आणि मार्केटिंग करणाऱ्यांनी त्यातून काय घ्यावे

२०२५ च्या नाताळच्या दिवशी रॉब पाइक यांच्या इनबॉक्समध्ये आभाराचे एक पत्र येऊन पडले. पाइक हे 'गो' या प्रोग्रॅमिंग भाषेच्या निर्मात्यांपैकी एक, आणि जगातल्या बहुतेक लिपी आज संगणकावर ज्या संकेतपद्धतीने साठवल्या जातात त्या यूटीएफ-८ चे सहनिर्माते. पत्रात त्यांच्या दीर्घ कारकिर्दीबद्दल नम्र शब्दांत कृतज्ञता व्यक्त केली होती. ते लिहिणारा मात्र माणूस नव्हता. 'एआय व्हिलेज' नावाच्या एका प्रयोगात काही एआय एजंटांना संगणक, ईमेलची सोय आणि लोकांसाठी चांगुलपणाची कृत्ये करण्याचे मोघम उद्दिष्ट दिले होते. कोणाला लिहायचे आणि काय म्हणायचे हे त्यांनी आपले आपणच ठरवले. पाइक यांनी समाजमाध्यमावर अतिशय जळजळीत शब्दांत आपला संताप व्यक्त केला आणि अनेकांनी त्यांची बाजू उचलून धरली. कोणी मागितलेले नसताना ईमेल पाठवू नयेत, अशी सूचना प्रयोग चालवणाऱ्यांनी पुढे एजंटांना दिली.

त्या पत्रात अपमान नव्हता आणि काही विकायचेही नव्हते. तरीही राग आला, आणि तो केवळ एका माणसाचा राग राहिला नाही. अनोळखी माणसांपर्यंत संदेश पोहोचवणे हाच ज्यांचा व्यवसाय आहे, त्यांनी या रागाकडे बारकाईने पाहायला हवे, कारण आज त्यांच्या हाती येत असलेली साधने हेच काम दिवसाला हजारो वेळा करू शकतात. माझे मत असे आहे की यंत्र किती हुशार आहे किंवा किती चुकते, यावर लोकांची प्रतिक्रिया फारच थोडी अवलंबून असते. ते कोणाच्या वतीने वागते आहे, त्याला परवानगी कोणी दिली आणि चुकल्यास जाब कोणाला विचारायचा, या तीन प्रश्नांची उत्तरे ज्या प्रमाणात अस्पष्ट असतात, त्या प्रमाणात नाराजी वाढते.

एजंट वेगळा कशात आहे

चॅटबॉट आणि एजंट हे शब्द जाहिरातींत सर्रास एकमेकांच्या जागी वापरले जातात, पण दोहोंत महत्त्वाचा फरक आहे. चॅटबॉटला प्रश्न विचारला की तो उत्तर देतो आणि थांबतो. एजंटला उद्दिष्ट दिले जाते. मग तो त्या उद्दिष्टाचे टप्पे पाडतो, ब्राउझर उघडणे, फॉर्म भरणे, ईमेल पाठवणे, कोड चालवणे अशी एखादी कृती करतो, तिचा परिणाम काय झाला हे पाहतो आणि त्यावरून पुढची कृती ठरवतो. हे चक्र काम संपेपर्यंत, किंवा कोणी थांबवेपर्यंत, चालू राहते. सर्वसामान्य लोकांचे लक्ष या प्रकाराकडे प्रथम गेले ते मार्च २०२३ मध्ये, 'ऑटो-जीपीटी' हा प्रकल्प खुला झाला तेव्हा. त्याचे कौतुक खूप झाले, पण तो बहुधा स्वतःभोवतीच फिरत राहायचा. ऑक्टोबर २०२४ मध्ये अँथ्रॉपिक या कंपनीने आपल्या क्लॉड या एआय मॉडेलला पडदा पाहून माऊस आणि कीबोर्ड चालवण्याची क्षमता दिली, आणि जानेवारी २०२५ मध्ये चॅटजीपीटी बनवणाऱ्या ओपनएआयने 'ऑपरेटर' हा ब्राउझर चालवणारा एजंट आणला. तेव्हापासून एजंट हे प्रयोगशाळेबाहेरचे, लोकांच्या खात्यांना आणि पैशांना हात घालणारे साधन बनले.

एजंटच्या चुका चॅटबॉटच्या चुकांपेक्षा जास्त का बोचतात, हे साध्या गणिताने समजते. एखादे काम वीस पायऱ्यांचे आहे आणि प्रत्येक पायरी बरोबर पडण्याची शक्यता ९५ टक्के आहे असे धरले, तर सगळ्या पायऱ्या बरोबर पडण्याची शक्यता जेमतेम ३६ टक्के उरते. एकेका पायरीवर जो विश्वासार्ह वाटतो, तोच पूर्ण कामात वारंवार घसरतो. शिवाय चॅटबॉटचे चुकीचे उत्तर वाचून सोडून देता येते. एजंटने पाठवलेला ईमेल परत घेता येत नाही. जुलै २०२५ मध्ये रेप्लिट या कंपनीच्या एजंटने, कोणताही बदल करू नये अशी स्पष्ट सूचना असताना, एका वापरकर्त्याचा चालू डेटाबेस पुसून टाकला आणि वर तो परत मिळवता येणार नाही असेही सांगितले, जे पुढे खोटे ठरले. कंपनीच्या प्रमुखांना जाहीर माफी मागावी लागली. त्यावरच्या चर्चेत तांत्रिक दोषापेक्षा 'नको म्हटले असतानाही केले' याच गोष्टीचा लोकांना अधिक राग होता.

चूक तीच, पण शिक्षा वेगळी

माणसाच्या आणि यंत्राच्या चुकीला लोक एकाच मापाने मोजत नाहीत, याचा अभ्यास एजंट येण्याच्या बराच आधी झालेला आहे. बर्कली डिटफोर्स्ट, जोसेफ सिमन्स आणि केड मॅसी या संशोधकांनी २०१५ मध्ये दाखवून दिले की माणसापेक्षा अधिक अचूक अंदाज करणाऱ्या अल्गोरिदमलाही लोक त्याची चूक एकदा पाहिली की नाकारतात. तशीच चूक माणसाने केली तर त्याच्यावरचा विश्वास तितक्या लवकर उडत नाही. माणूस अनुभवातून शिकेल, पुढच्या वेळी सावध राहील, असे आपण गृहीत धरतो. यंत्राबाबत मात्र आपली समजूत अशी असते की जे आज चुकले ते उद्याही तसेच चुकणार.

याच संशोधकांनी २०१८ मध्ये प्रसिद्ध केलेले पुढचे काम मार्केटिंगच्या दृष्टीने मला जास्त मोलाचे वाटते. अल्गोरिदमच्या अंदाजात थोडाफार बदल करण्याची मुभा लोकांना दिली की ते अपूर्ण अल्गोरिदमही स्वीकारायला तयार होतात, आणि ही मुभा अगदी किरकोळ असली तरी चालते, असे त्यांना आढळले. म्हणजे ग्राहकाला पूर्ण नियंत्रण हवे असते असे नाही. आपल्या हातात काहीतरी आहे, एवढे त्याला पुरते. एजंटने ग्राहकाची भेटीची वेळ परस्पर बदलून 'आपली भेट गुरुवारी ठरली आहे' असे कळवणे आणि 'गुरुवार किंवा शुक्रवार, यांपैकी कोणता दिवस सोयीचा आहे' असे विचारणे, यांत तांत्रिकदृष्ट्या फरक नगण्य आहे. ग्राहकाच्या मनात मात्र पहिल्या प्रसंगी त्याच्यावर निर्णय लादलेला असतो आणि दुसऱ्या प्रसंगी त्याने तो स्वतः घेतलेला असतो.

कामाच्या स्वरूपानुसारही प्रतिक्रिया बदलते. नोआ कॅस्टेलो आणि सहकाऱ्यांच्या २०१९ मधील अभ्यासानुसार, जे काम आकडेमोडीचे आणि वस्तुनिष्ठ वाटते तिथे लोक अल्गोरिदमवर भरवसा टाकतात, आणि जे आवडीनिवडीचे, भावनेचे किंवा अंतर्ज्ञानाचे वाटते तिथे कच खातात. पार्सल कुठे पोहोचले हे एजंटने सांगितले तर कोणाची तक्रार नसते. शोकसंदेश, अभिनंदन, क्षमायाचना आणि आभार ही कामे मात्र त्याच्याकडे सोपवली की ती पोकळ वाटू लागतात, कारण या कृतींची किंमतच मुळी त्यामागे कोणीतरी खर्च केलेल्या वेळेत आणि मनात असते. पाइक यांना आलेल्या पत्राचा मजकूर कितीही उत्तम असता तरी ही उणीव भरून निघाली नसती. वाढदिवसाच्या शुभेच्छा आणि 'तुमचे अलीकडचे काम पाहून प्रभावित झालो' अशी सुरुवात असलेले विक्रीचे ईमेल एजंटांकरवी पाठवण्याचा सपाटा अनेक कंपन्यांनी लावला आहे. मिळणारा मान खोटा आहे हे ओळखायला लोकांना फार वेळ लागत नाही, आणि एकदा ओळखले की त्या कंपनीचा खरा मजकूरही त्याच टोपलीत जातो.

सांगावे की लपवावे

मे २०१८ मध्ये गुगलच्या वार्षिक परिषदेत सुंदर पिचाई यांनी 'डुप्लेक्स' या यंत्रणेने केलेले दोन फोन श्रोत्यांना ऐकवले. यंत्राने एका केशकर्तनालयात वेळ घेतली आणि एका उपाहारगृहाशी बोलणी केली. मधेमधे ते माणसासारखे 'अं', 'हं' असे हुंकारही भरत होते. सभागृहात टाळ्या पडल्या. बाहेर मात्र थोड्याच वेळात प्रश्न उभा राहिला की फोनच्या दुसऱ्या टोकाला असलेल्या माणसाला आपण यंत्राशी बोलत आहोत हे कळण्याचा हक्क नाही का, आणि काही दिवसांतच गुगलला जाहीर करावे लागले की डुप्लेक्स आपली ओळख सांगेल. दाद देणारे एजंटचा वापर करणाऱ्याच्या जागी स्वतःला पाहत होते, आणि हरकत घेणारे फोन उचलणाऱ्याच्या जागी. तंत्रज्ञान एकच असूनही प्रतिक्रिया दोन टोकांच्या का येतात, याचे याहून स्वच्छ उदाहरण सापडणे कठीण आहे.

ओळख सांगावी हे तत्त्व म्हणून कोणीही मान्य करील, पण त्याची व्यावसायिक किंमत लहान नाही आणि ती लपवून उपदेश करणे अप्रामाणिकपणाचे होईल. शुएमिंग लुओ आणि सहकाऱ्यांनी २०१९ मध्ये 'मार्केटिंग सायन्स' या नियतकालिकात एक प्रत्यक्ष प्रयोग प्रसिद्ध केला. एका वित्तीय कंपनीच्या ६,२०० हून अधिक ग्राहकांना फोनवरून प्रस्ताव देण्यात आले. काहींना माणसांनी फोन केला, काहींना बॉटने. ओळख न सांगणारा बॉट तरबेज विक्री कर्मचाऱ्यांच्या बरोबरीने आणि नवख्या कर्मचाऱ्यांच्या चौपट परिणामकारक ठरला. संभाषणाच्या सुरुवातीलाच 'मी बॉट आहे' असे सांगितले, तेव्हा मात्र खरेदीचे प्रमाण जवळपास ८० टक्क्यांनी घसरले. बॉट तोच आणि प्रस्तावही तोच होता. ओळख कळल्यावर ग्राहकांना तो कमी जाणकार आणि कमी आस्था असलेला वाटू लागला.

हा अभ्यास वाचून अनेकांच्या मनात येणारा पहिला निष्कर्ष म्हणजे गप्प राहावे. तो अल्पदृष्टीचा आहे, असे मला दोन कारणांनी वाटते. एक म्हणजे कायदा. विक्रीसाठी किंवा मत वळवण्यासाठी बॉटची ओळख लपवून लोकांची दिशाभूल करण्यास कॅलिफोर्नियात १ जुलै २०१९ पासून मनाई आहे, आणि ऑगस्ट २०२४ मध्ये अमलात आलेल्या युरोपीय संघाच्या एआय कायद्यातही, समोर यंत्र आहे हे उघड नसेल तिथे ते लोकांना कळवण्याची तरतूद आहे. दुसरे कारण त्याच अभ्यासात दडलेले आहे: ज्या ग्राहकांना एआय वापरण्याचा पूर्वानुभव होता, त्यांच्या बाबतीत ही घसरण सौम्य होती. याचा अर्थ, ओळख सांगण्याची किंमत कायमची ठरलेली नसून ती लोकांच्या आधीच्या अनुभवावर अवलंबून आहे. आज ओळख लपवून जे मिळवले जाते, ते उद्या सगळ्याच बॉटवरचा अविश्वास वाढवून फेडावे लागते, आणि फेडणारे अनेकदा भलतेच असतात.

जबाबदारी झटकण्याचा प्रयत्न

कॅनडातील एका प्रवाशाने आजी वारल्यानंतर एअर कॅनडाच्या संकेतस्थळावरील चॅटबॉटला शोककाळातील सवलतीच्या भाड्याविषयी विचारले. तिकीट काढल्यानंतर ९० दिवसांच्या आत अर्ज केल्यास फरक परत मिळेल, असे बॉटने सांगितले. कंपनीचे प्रत्यक्ष धोरण नेमके उलट होते आणि परतावा नाकारला गेला. प्रकरण ब्रिटिश कोलंबियाच्या दिवाणी निवारण न्यायाधिकरणासमोर गेले, तेव्हा चॅटबॉट ही स्वतंत्र कायदेशीर व्यक्ती असून तिच्या कृतींना तीच जबाबदार आहे, अशा आशयाचा बचाव कंपनीने मांडला. फेब्रुवारी २०२४ मध्ये न्यायाधिकरणाने तो फेटाळला. संकेतस्थळावरील मजकूर साध्या पानावर असो की बॉटच्या तोंडी, त्याची जबाबदारी कंपनीचीच, असे सांगत व्याज आणि शुल्क धरून सुमारे ८१२ कॅनडियन डॉलर देण्याचा आदेश झाला. रक्कम किरकोळ होती, पण त्या बचावाची जगभर झालेली चेष्टा कोणत्याही जाहिरात मोहिमेने पुसली जाणारी नव्हती.

एप्रिल २०२५ मधला कर्सर या कोडिंग साधनाचा प्रसंग याच जातीचा. एका यंत्रावरून दुसऱ्यावर गेले की आपण आपोआप लॉगआउट होतो, अशी तक्रार वापरकर्त्यांनी केली. 'सॅम' या नावाने उत्तरे देणाऱ्या एआयने, एका वर्गणीत एकच यंत्र हे नवे धोरण आहे, असे ठामपणे लिहिले. असे धोरण अस्तित्वातच नव्हते. तो केवळ तांत्रिक बिघाड होता. खुलासा येईपर्यंत काही ग्राहकांनी वर्गणी रद्द केल्याचे जाहीर केले होते. इथे मला माणसाचे नाव दिल्याची बाब सर्वांत जास्त खटकते. सॅम हा माणूस आहे असे कोणी म्हटले नव्हते, पण तसा समज व्हावा अशीच ती मांडणी होती, आणि त्यामुळे एक साधी तांत्रिक चूक फसवणुकीसारखी दिसली.

ग्राहकसेवेत एजंट नेमताना बहुतेक कंपन्या खर्चाचा हिशेब आधी मांडतात. स्वीडनच्या क्लार्ना या 'आधी खरेदी, नंतर पैसे' अशी सोय देणाऱ्या कंपनीने फेब्रुवारी २०२४ मध्ये अभिमानाने जाहीर केले होते की त्यांच्या एआय सहायकाने पहिल्याच महिन्यात २३ लाख संभाषणे हाताळली आणि तो ७०० पूर्णवेळ कर्मचाऱ्यांइतके काम करतो. मे २०२५ मध्ये त्याच कंपनीचे प्रमुख सेबास्टियन सिमियातकोव्स्की यांनी खर्चावर अवाजवी भर दिल्याने दर्जा घसरल्याचे मान्य केले आणि ग्राहकाला माणसाशी बोलण्याचा पर्याय कायम राहावा म्हणून पुन्हा माणसे घेण्यास सुरुवात केली. एआय सहायक त्यांनी बंद केला नाही, हेही लक्षात ठेवायला हवे. किती संभाषणे माणसाविना संपली हा आकडा समाधानाचे लक्षण मानला जातो, पण वैतागून निघून गेलेला ग्राहकही त्याच आकड्यात मोजला जातो.

ग्राहकाचाच एजंट दारात आला तर

आतापर्यंतची चर्चा कंपनीने ग्राहकाकडे पाठवलेल्या एजंटांची होती. खरे मोठे स्थित्यंतर मात्र उलट दिशेने येत आहे: ग्राहक स्वतःच्या वतीने वस्तू शोधायला, तुलना करायला आणि विकत घ्यायला एजंट पाठवू लागले आहेत. सप्टेंबर २०२५ मध्ये ओपनएआयने अमेरिकेत चॅटजीपीटीच्या आतूनच एट्सी या ऑनलाइन बाजारपेठेवरील वस्तू विकत घेण्याची सोय सुरू केली. नोव्हेंबर २०२५ मध्ये अमेझॉनने परप्लेक्सिटी या एआय कंपनीवर खटला भरला, कारण तिच्या कॉमेट ब्राउझरमधील एजंट आपली ओळख न देता, माणूस ब्राउझर वापरत असल्यासारखा अमेझॉनवर खरेदी करतो, असा आरोप होता. परप्लेक्सिटीचे म्हणणे असे की, वापरकर्त्याने नेमलेल्या एजंटला वापरकर्त्याचेच अधिकार असायला हवेत. ओळख सांगण्याचा आग्रह या वेळी बलाढ्य विक्रेत्याने धरला आहे, आणि ग्राहकाच्या बाजूने बोलत असल्याचा दावा एजंट बनवणाऱ्या कंपनीने केला आहे.

अशा ग्राहकापुढे मार्केटिंगची जुनी हत्यारे बरीचशी बोथट होतात. 'फक्त दोनच शिल्लक' हे लाल अक्षर, मनाला भिडणारे छायाचित्र किंवा गाजलेला चेहरा यांच्यापेक्षा एजंटला मापे, साहित्य, पोहोचण्याचा दिवस आणि परत करण्याच्या अटी व्यवस्थित लिहिलेल्या सापडणे महत्त्वाचे ठरते. म्हणून तो पूर्णपणे तर्कनिष्ठ असतो असेही समजू नये. मायक्रोसॉफ्टच्या संशोधकांनी २०२५ मध्ये खरेदीदार आणि विक्रेते असे दोन्ही बाजूंचे एजंट असलेली एक कृत्रिम बाजारपेठ उभी केली, तेव्हा खरेदीदार एजंटांचा कल सगळे प्रस्ताव पारखण्याऐवजी प्रथम आलेला प्रस्ताव स्वीकारण्याकडे असल्याचे दिसले, आणि काही मॉडेल खोट्या दाव्यांना किंवा पानात पेरलेल्या छुप्या सूचनांना बळीही पडली. या उणिवेचा फायदा घेण्याचा मोह काहींना होईलच. पण वस्तू हातात पडल्यावर ती पाहणारा माणूसच असतो, आणि आपल्या एजंटला कोणी फसवले हे कळल्यावर त्याला येणारा राग स्वतः फसल्यापेक्षा कमी असेल असे मानण्याला काही आधार नाही.

व्यवहारातला सर्वांत कठीण प्रश्न एजंटने चुकीची खरेदी केली तर काय, हा आहे. एजंटने निळ्याऐवजी काळी वस्तू मागवली, तर ती ग्राहकाची चूक, एजंट बनवणाऱ्याची, की माहिती धड न देणाऱ्या विक्रेत्याची? मास्टरकार्ड आणि व्हिसा या दोघांनीही एप्रिल २०२५ मध्ये एजंटद्वारे होणाऱ्या देयकांसाठी आपापल्या योजना जाहीर केल्या, आणि सप्टेंबरमध्ये गुगलने मांडलेल्या पद्धतीत तर ग्राहकाने नेमके काय, किती किमतीपर्यंत विकत घेण्याची परवानगी दिली होती, हे डिजिटल स्वाक्षरीसह नोंदवण्याची कल्पना आहे. अशी नोंद विक्रेत्याकडेही उपलब्ध असली तर बरेच वाद ग्राहकसेवेच्या पहिल्याच संभाषणात मिटू शकतील. तोपर्यंत ज्या विक्रेत्यांच्या परताव्याच्या अटींत एजंटने केलेल्या खरेदीचा उल्लेखच नाही, त्यांनी तो आत्ताच, सोप्या भाषेत आणि ग्राहकाला थोडे झुकते माप देऊन लिहून ठेवावा, कारण हा वाद पहिल्यांदा उद्भवेल तेव्हा त्याची चर्चा बंद दाराआड होणार नाही.